निम्म्याहून कमी

दि. ४ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पाकीट बघून घाबरू नकोस, घरचे सगळे धडधाकट आहेत. मी सोडून, पण ते जुनंच. फोन परवा मी भिंतीवर मारला. नवा आणला तरी उपयोग नाही, कारण दोन खोल्यांच्या या घरात मी पलंगावरून हळू बोललेलंही स्वयंपाकघरात आईला आधी ऐकू येतं. पत्र बाबांकडे देतो. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतात आणि संध्याकाळपर्यंत दहा शब्द खर्च करत नाहीत. एवढा भरवशाचा पोस्टमन दुसरा नाही.

गोदामाच्या शिडीवरून पडलो त्याला दीड वर्ष होत आलं. मणक्याचं ऑपरेशन छान झालं असं सगळे डॉक्टर सांगतात. फक्त माझ्या डाव्या पायाला ते कुणी कळवलेलं नाही. कमरेपासून अंगठ्यापर्यंत तो विस्तवावर धरल्यासारखा जळतो. आता नवे डॉक्टर म्हणतात की पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या मागे दोन बारीक तारा सरकवायच्या आणि त्यांतून हलका करंट सोडायचा. पायाकडून मेंदूकडे निघालेली दुखण्याची वर्दी मग वाटेतच अडते. आधी आठवडाभर नुसती चाचणी. तारा आत, बॅटरीचा डबा बाहेर कमरेला बांधलेला. दुखणं निम्मं किंवा त्याहून जास्त कमी झालं तर पुढे बॅटरी कमरेखाली कातडीच्या आत कायमची शिवतात. नाही झालं तर तारा काढायच्या आणि घरी जायचं. त्या आठवड्यात दुखण्याच्या गोळ्या पूर्ण बंद, नाहीतर फरक यंत्राचा की गोळीचा ते कळणार कसं? वाकायचं नाही, वळायचं नाही, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, अंघोळही नाही. म्हणजे मला आई मोजेसुद्धा घालणार. मी तेवीस वर्षांचा आहे.

चाचणीआधी मनाच्या डॉक्टरबाईंना भेटावं लागतं. यंत्राकडून काय अपेक्षा आहे असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बसमध्ये सलग चार तास बसता आलं पाहिजे. चारच का, असं त्यांनी विचारल्यावर सांगावं लागलं. कॉलेज मी सरांशी भांडून अर्ध्यात सोडलं तेव्हा सगळ्या वर्गात एकटी जी माझ्याशी बोलत राहिली, ती आता चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते. महिनाअखेरीस तिची बदली दूरच्या शाखेत होतेय. बसने चार तास. बाईंनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. यंत्र पाठीसाठी आहे, बाकीच्यासाठी नाही, असंही म्हणाल्या. मला राग आला, पण त्यांची सही हवी होती म्हणून गिळला. बघ, सुधारतोय.

भावजींना सांग, हसू नका. लोभ असू दे, उपदेश बेताचा असू दे.

तुझा,
भडकू

दि. ९ फेब्रुवारी

चि. भडकूस,
अ. उ. आ.

तू राग गिळलास हे वाचून तुझ्या भावजींनी पत्र दोनदा मागून घेतलं. ते म्हणतात, गिळलेला राग कुठे गेला ते डॉक्टरांनी फोटो काढून बघावं.

चष्मेवालीचं मला दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. ज्या मुलाची नजर ठणठणीत आहे तो महिन्यातून तीनदा नंबर तपासायला जातो, त्याच्या बहिणीला अजून काय सांगायला हवं? मुलगी चांगली असेल. पण रे, तिच्यासाठी म्हणून पाठ बरी करायला जाऊ नकोस. बाई बोलल्या ते मला पटलं. ती विचारते तरी का चार तासांचं, की ते तुझंच गणित आहे?

उपदेश बेताचा मागितलास, म्हणून एकच करते. डॉक्टर विचारतील तेव्हा जे वाटतं तेच सांग. चढवून नको, उतरवून नको. आणि आईवर ओरडू नकोस. मोजे घालून घेताना छताकडे बघत बस.

माझ्या वर्गाच्या परीक्षा चालू आहेत, नाहीतर आलेच असते. इथून हात डोक्यावर आहे असं समज.

तुझी,
ताई

दि. १९ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर बघ. बसून लिहितोय. खुर्चीवर.

तारा घातल्या त्याला चार दिवस झाले. घालताना जागं ठेवतात. टेबलावर पालथा पाडला होता आणि एक माणूस यंत्राची बटणं फिरवत विचारत होता, मुंग्या कुठे येतात. मी म्हणालो पोटात. म्हणाला थांबा. मग मांडीत आल्या, मग पोटरीत, मग बरोबर त्या जळणाऱ्या पट्ट्यावर. कुणीतरी आगीवर रेडिओची खरखर पांघरली असं वाटलं. पहिला दिवस टाक्यांमुळे फार वाईट गेला, ते सांगत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून, ताई, मी ताट घेऊन टेबलाशी बसतो आणि ताट संपेपर्यंत बसलेला असतो. खोकला आला की यंत्र पाठीत एक चपराक देतं, म्हणून त्याचं नाव हेडमास्तर ठेवलंय.

कोंडल्यासारखं मात्र होतं. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो, तेवढंच जग. पलंगाच्या काठाशी सरकलो तरी आई दारात. दुधाचा पेला सकाळ-संध्याकाळ समोर उभी राहून संपवायला लावते, साखरही लाडाने दुप्पट घालते. मी काही बोलत नाही. चिडायला कारणच सापडत नाही, एवढं बरं वाटतंय.

चष्मेवालीला बाबांकरवी चिठ्ठी पाठवली की मी येणार. बाबांनी चिठ्ठी खिशात ठेवली आणि फक्त हं म्हणाले.

आज तुझ्या लोभाची गरज नाही, माझ्याकडेच भरपूर आहे.

तुझा,
भडकू

दि. २२ फेब्रुवारी

चि. सौ. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलता येत नाही, तो बाजूच्याच खोलीत असतो. म्हणून लिहिते.

तुला त्याचं पत्र आलंच असेल. बाबा दोघांचीही पत्रं टाकतात, हे त्याला माहीत नाही. काल तारा काढल्या. त्याने सत्तर टक्के फरक सांगितला. डॉक्टरांनी पाठ थोपटली आणि पुढच्या ऑपरेशनची तारीख दिली. घरी येताना तो रिक्षात गाणं म्हणत होता. किती दिवसांनी.

थोरले, पोटात ठेववत नाही म्हणून सांगते. पहिल्या दिवशी दुपारी मी आत गेले तर तो उशी दातांत धरून पडला होता. ओरडला असता तर मला सवय आहे, इतकी वर्षं ऐकतेच आहे. पण त्याने आवाज केला नाही. मला कळू नये म्हणून. ते मला बघवेना. कपाटात गोळ्या होत्या. एक चमच्याने चेचली आणि दुधात घातली, वर साखर घातली. संध्याकाळी परत घातली. मग वाटलं, आता थांबले आणि दुखणं वाढलं तर डॉक्टर म्हणतील यंत्राचा उपयोग नाही, आणि काढून घेतील. मग त्याच्याकडे काय उरेल? म्हणून आठवडाभर दिली.

यंत्रही काम करत असेलच. दोन्ही मिळून झालं असेल. तू त्याला सांगू नकोस. तो हसतोय सध्या.

नातीला पापा. तिच्या दाताचं कळव.

तुझी,
आई

दि. २७ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

दात पडला, नवा दिसू लागलाय.

आई, पत्र वाचून मी डबा न घेताच शाळेत गेले. तुला बोल लावायचा म्हणून लिहीत नाही. तिथे मी असते तर मीही कपाट उघडलं असतं, नाही असं छातीठोक सांगवत नाही. पण त्याच्या पाठीत आता कायमची तार जाणार आहे. ती त्याच्या उपयोगाची आहे का, हे आपल्यापैकी कुणालाच माहीत नाही. तुला नाही, मला नाही, डॉक्टरांना तर मुळीच नाही. उद्या ती बसवून पाय तसाच जळत राहिला तर तो कुणावर ओरडेल? स्वतःवर. ते तुला बघवेल का?

ऑपरेशनच्या आधी तू त्याला सांग. मी सांगणार नाही, ते तुझं आहे. पण त्याने मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.

रागावू नकोस. तुझी कूस आठवून झोपते अजून.

तुझी,
थोरली

दि. ८ मार्च

ताई,

नमस्कार वगैरे समजून घे.

तुला माहीत होतं. आई म्हणाली, थोरलीने सांगायला लावलं. म्हणजे तुम्ही दोघी माझ्या पाठीवर पत्रं लिहीत होतात आणि पोस्टमन आपले बाबा.

काल सकाळी ती बाहेर जायचे कपडे घालून, केस विंचरून माझ्यासमोर उभी राहिली, जसं काही चौकीत जबानी द्यायचीय. सगळं एका दमात सांगितलं, उशीचंही. माझ्या हातात पेला होता. तो कुठे गेला ते भिंतीला विचार. मग मी बाबांना उठवलं, रिक्षा मागवली आणि तडक डॉक्टरांकडे गेलो. खरेपणासाठी गेलो असं समजू नकोस. डॉक्टर तिला फाडून खातील, म्हणून गेलो. ते तिला एक शब्द बोलले नाहीत. पाण्याचा ग्लास दिला आणि माझी तारीख रद्द केली. आधीची जखम पूर्ण भरू दे, एप्रिलअखेर चाचणी पुन्हा पहिल्यापासून, म्हणाले. तिला शिक्षा करायला गेलो आणि आत मीच गेलो.

चष्मेवाली निघायच्या आधी येऊन गेली. दारात उभी होती. मी उठून बसेपर्यंत एवढा वेळ लागला की तिने मान फिरवून खिडकीबाहेरच्या त्या जिन्याकडे बघितलं. माझी लाज राखायला बघितलं, हे मला कळलं आणि तेच सहन झालं नाही. तिला म्हणालो, जा, परत येऊ नकोस. ती गेली. सांगितलं तसंच केलं तिने.

तारा निघाल्यापासून गोळ्या उघडपणे घेतो तरी पाय जळतोच. मग ते सत्तर टक्के कुणाचे होते? रोज तोच हिशेब. आईचा हात दाराच्या कडीला लागला तरी डोकं फिरतं. भावजींना पाठव आणि तिला घेऊन जा. ती इथे असताना मी दुसऱ्यांदा चाचणी देणार नाही.

भडकू

दि. १६ मार्च

चि. भडकूस,
अ. उ. आ., तू नमस्कार गाळलास तरी.

आई पोचली. बॅग अजून उघडलेली नाही, दाराजवळ ठेवलीय. मी पानं वाढली की उठते आणि खिडकीशी जाते, मग आठवतं की इथे तिला काही काम नाही, मग परत बसते. रोज संध्याकाळी विचारते, त्याने मोजे कसे घातले असतील. तुझे भावजी म्हणाले की आता गरमी आहे, मोजे लागत नाहीत. त्यावर दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही.

हो, मला माहीत होतं. ते दिवस मला अन्न गोड लागलं नाही, पण ते तुझ्या पायापेक्षा मोठं नाही, म्हणून सांगत बसत नाही. तुझा राग खरा आहे. तो टाकून दे असं मी म्हणणार नाही.

फक्त चाचणीला जाताना तो घरी ठेवून जा. मागच्या वेळी तुझ्या पाठीत चष्मेवाली होती आणि दुधात आई. या वेळी नुसत्या तारा असू देत.

तू नाही म्हटलंस तरी माझी माया आहेच.

तुझी,
ताई

दि. २९ मे

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला पत्र लिहायची पहिलीच वेळ आहे, कारण तू कधी घराबाहेर गेलीच नाहीस. ताईने सांगितलं असेल, तरी माझ्या तोंडून ऐक.

दुसऱ्या चाचणीच्या पहिल्या दिवशी गोळी नव्हती आणि घरात कुणी नव्हतं. मी मोकळेपणाने ओरडलो. शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारलं की टीव्ही लावलाय का. त्या दिवशी तू घरी असतीस तर मीच तुझ्याकडे गोळी मागितली असती. तू न मागता दिलीस, एवढाच फरक. राग गेला असं नाही. पण त्याची धार गेली.

आठवड्याने डॉक्टरांनी किती टक्के विचारलं. जिभेवर पन्नास तयार होतं. नुसतं म्हटलं की झालं. मी चाळीस म्हणालो. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग त्या चाळिसांत काय काय करतो असं विचारलं. ताट संपेपर्यंत बसतो, दिवा मालवल्यावर झोपतो आणि बाबांच्या गजराने उठतो, असं सांगितलं. ते म्हणाले, निम्म्याचा नियम आमचा आहे, पाय तुझा आहे. बसवू शकतो, पण साठ तुझ्याबरोबर कायम राहतील, ते धरून सांग. मी बाहेर बाकावर बसून विचार केला. बाबा शेजारी होते. ते म्हणाले की चौथ्या मजल्यापर्यंतच जाणारी लिफ्टही लोक वापरतात. त्यांचं एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. आत जाऊन बसवा म्हणालो.

तीन आठवडे झाले. बॅटरी कमरेच्या उजव्या बाजूला आहे, साबणाच्या वडीएवढी, कुशीवर वळलो की टोचते. म्हणजे टोचेल, कारण वळायची बंदी आहे. वाकायचं नाही, उचलायचं नाही, वरच्या फळीला हात लावायचा नाही, अजून महिनाभर तरी. तार सरकली तर सगळं पहिल्यापासून. आडवा झालो की मुंग्या वाढतात, मग रिमोटने कमी करायच्या. दिवसभर तोच जिना बघतो. त्यावरून जाणाऱ्या सगळ्यांना मी नावं ठेवली आहेत. मोजे बाबा घालतात, टाच वर येते आणि ते बघून समाधानाने निघून जातात.

चष्मेवालीला तीन पत्रं लिहिली, उत्तर नाही. तू विचारशील म्हणून सांगितलं, पुढे विचारू नकोस.

आता मुद्द्याचं. साठ राहणार आहेत, आई. काही दिवस सत्तरही होतील. दोन खोल्यांचं घर आहे, तुला ऐकू येणारच. तेव्हा तू कपाटाकडे जायचं नाहीस, दुधाकडे जायचं नाहीस, दारातही यायचं नाहीस. नुसतं ऐकायचं. हे तुला फार जड आहे हे मला माहीत आहे. माझ्याकडून एवढं कबूल की उशी चावणार नाही. दुखलं की ओरडेन, आणि ते तुझ्यावर नसेल.

जमेल असं वाटत असेल तर बॅग उचल आणि ये.

तुझा,
भडकू