मिकासाच्या दोन पाट्या

जव्हार

प्रिय प्रांजल,

पाकिटावर काय लिहावं इथपासूनच माझा गोंधळ आहे. शेवटी दोन्ही नावं लिहिली, पोस्टमन बघून घेईल.

इकडे डोक्याचा पार भुगा झालाय. आपल्या जामसरच्या शेडनेटसाठी तुझ्या बाबांनी नर्सरीतून नवं ऑर्किड मागवलं, 'व्हँडा प्रिन्सेस मिकासा'. आपली जुनी 'ॲस्कोसेंडा प्रिन्सेस मिकासा'. मला वाटलं, ही तिची बहीण असेल. वेगळ्या तारेला टांगली, वेगळी पाटी रंगवली, कामाला येणाऱ्या सरूला बजावलं की दोघींची सरमिसळ करू नकोस. परवा नवी फुलली, तर तोच जांभळा-निळा रंग, पाकळ्यांवर तशीच जाळी. बाबा दोन्ही फुलं हातात धरून खुळ्यासारखे बघत बसले. फोन केला तर नर्सरीवाला हसायलाच लागला. म्हणे शास्त्रज्ञांनी ॲस्कोसेंडा नाव मोडीत काढून ती सगळी झाडं व्हँडात घातली, त्याला झाली की बरीच वर्षं. मी विचारलं, मग मिकासा तसंच कसं राहिलं? तो म्हणाला, "ते तिचं स्वतःचं नाव, बाई. घराणं बदललं म्हणून ते कशाला बदलतील?"

तेव्हापासून मला काही सुचत नाही. जुनी पाटी पुसायला घेते आणि तशीच ठेवते. तुझ्या लग्नात जावईबापूंनी तांदळाच्या ताटात अंगठीने 'हर्षाली' लिहिलं, तेव्हा मीही हौसेने पेढे वाटले. नाव गोडच आहे. पण तुझ्या सासूबाई फोनवर 'हर्षालीला देते' म्हणाल्या की मला राँग नंबर लागल्यासारखं होतं. मग तुझा आवाज येतो आणि जिवात जीव येतो. बाबा म्हणतात, तू उगाच झाडाचं माणसाला लावतेस. असेलही.

नाव कायमचं बदलायच्या अर्जासाठी तू शाळेचा दाखला मागितलास, तो सोबत ठेवलाय. अडवणारी मी कोण? तुला मनापासून हवं असेल तर खुशाल बदल. फक्त घरात कुणाला बरं वाटावं म्हणून बदलू नकोस. मी तसंच बदललं होतं. सुशीला हे तुझ्या बाबांनी ताटात लिहिलेलं नाव, तुला हे कधी सांगितलंच नाही. माझ्या आईला मी नवसाने झाले होते, त्यावरूनच तिने माझं पहिलं नाव ठेवलं होतं. ती गेल्यावर मला त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही. काल एका कोऱ्या पाटीवर ते लिहून पाहिलं, तर अक्षर अजून वळणदार येतं. म्हणून इथेही लिहिते.

तुझीच आई,
नवशी