पाण्यावर तरंगलेली लवंग

दि. ४ जानेवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. दवाखान्यात आम्हा दातांच्या डॉक्टरांच्या बैठकीत मला लवंगेवर बोलायचं होतं. लवंग पूर्वी दूरच्या मोजक्या बेटांवरच पिकायची, भाव पडू नये म्हणून व्यापाऱ्यांनी तिथली झाडं तोडली, राजाशी बोलण्याआधी दरबारी ती तोंडात धरायचे, हे सगळं मी ऐटीत सांगितलं. मग तुझ्या दुकानातल्या लवंगा वाटल्या. कोणालाच वास येईना. नखाने दाबल्या तर तेल नाही, पाण्यात टाकल्या तर चांगल्या लवंगेसारखं बुडायचं नाव नाही. तेल काढून घेतलेला माल कुणीतरी तुझ्या गळ्यात मारलाय. नाकावर माशी बसू न देणारी तू, फसलीस कशी? आणि तापातून नीट उठलीस ना?

या तक्रारीने लोभ आटू देऊ नकोस.
तुझी लवंगी

दि. १२ जानेवारी

चि. लवंगीस,
अ. उ. आ.

ताप गेला. दात उपटता उपटता आता आत्याचा मालही पारखायला लागलीस, आनंद आहे. आपल्या दुकानात लवंग पाण्यात टाकून बघत नाहीत, ते नवख्यांचं काम. तुझ्या आजोबांपासून आपण नाकाने माल घेतो. ती गोणी मी स्वतः हुंगून घेतली. तुमच्या औषधांच्या वासात माझी लवंग दबली असेल. नाकाने कांदे सोलणं पुरे कर.

रागावले तरी तुझीच,
आत्या

दि. २० जानेवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

उरलेली पुडी काल घरी उघडली. आत बुरशीचा वास होता, इतका की नवऱ्याने खिडकी उघडली. हा वास तुझ्याकडून सुटणं शक्य नाही. म्हणून सरळच विचारते. तापानंतर तुला वास येतो का? काहींचा जातो. बऱ्याच जणांचा परत येतो, काहींचा येत नाही, खोटा धीर देत नाही. त्यावर एक साधा उपाय करतात. सकाळ-संध्याकाळ चांगली लवंग नाकाशी धरायची आणि तिचा वास मनात आठवायचा. लिंबाचंही तसंच. महिनोन्महिने करावं लागतं. मी ओरडणार नाही, फक्त लपवू नकोस.

तुझ्या दोन ओळींची वाट पाहणारी,
लवंगी

दि. ९ एप्रिल

चि. लवंगीस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला, धीर होत नव्हता. तू ओळखलंस ते खरं. ताप उतरला आणि वास गेला तो गेलाच. बोलले नाही, कारण लोक माझ्या नाकाच्या भरवशावर माल नेतात. तेच गेलं म्हटल्यावर दुकानात कोण येणार? फार घाबरले होते ग.

तुझं पत्र वाचलं आणि आधी बेकरीवाल्याकडे गेले. त्याच गोणीतली लवंग त्यानेही नेली होती, न बघता, माझ्या शब्दावर. त्याला सगळं सांगितलं. त्याने उरलेली लवंग माझ्यासमोर आणून ठेवली. मग म्हणाला की हा माल परत घ्या, आणि नवीन गोणी येईल तेव्हा मला बोलवा, मी हुंगतो. आता तो हुंगतो, मी नखाने दाबते, आणि हो, पाण्यातही टाकते. तुझे आजोबा वर कपाळाला हात लावून बसले असतील.

रोज चांगल्या लवंगेचा डबा उघडून डोळे मिटून बसते. आठवतं सगळं, येत काही नाही. परवा मात्र नाकात खोल कुठेतरी चुणचुणलं. गिऱ्हाईक समोर असताना मला रडू फुटलं. तू म्हणशील, वास परतला. मी तसं म्हणणार नाही. नुसत्या आशेवर माल पास करायची मला सवय नाही. पण डबा काही बंद करवेना.

तुझ्या लोभाची हल्ली जरा जास्तच गरज असलेली,
आत्या