गॅलरीतली भेग

प्रिय वनमाला,

तुझा फोन मी दोनदा उचलला नाही. म्हणून काल तू चिडून मेसेज टाकलास की सोसायटीचा अहवाल अडकलाय कुठे. चिडणारच तू. महिनाअखेरीस इमारतीच्या विम्याची मुदत संपते. मूल्यांकनाचं काम मलाच द्यायचं, असं कमिटीला तूच पटवलंस, आणि आता सगळे तुलाच टोचून बोलतात. सेक्रेटरी तू, बोलणीही तूच खायची. उशिराचं कारण फोनवर सांगायला माझी जीभ वळली नसती, म्हणून लिहायला बसलोय. विक्रोळीच्या कंपनी कॉलनीत आपण भिंतीला भिंत लागून वाढलो, पण पत्र कधी लिहिलं नव्हतं. हसू नकोस.

आधी तुमच्या अध्यक्षांचा गैरसमज काढून टाक. माणिकराव सांगत फिरतात म्हणे, की आकडा मोठा निघाला म्हणून मी कचरतोय. अजिबात नाही. मी पाहणीला आलो त्या दिवशी काय थाट मांडला होता गं तुम्ही. दर्शनी भिंतीला ताजा रंग, गेटला झेंडूचं तोरण, जिना धुतलेला आणि वर कांदेपोहे. मला वाटलं, चुकून मुलगी बघायला आलो की काय. रंगाच्या वासाने डोकं भणभणलं, वर माणिकरावांना समजावून समजावून दमलो. अहो, घर विकायचं असलं की किंमत वेगळी आणि विम्यासाठी वेगळी. घाटकोपरला फ्लॅटचा जो भाव चाललाय त्यात जमीनही धरलेली असते, आणि जमीन काही जळत नाही. उद्या ही इमारत बसलीच, तर ढिगारा उचलण्यापासून लिफ्ट बसवण्यापर्यंत, अशीच्या अशी परत उभी करायला काय खर्च येईल तेवढं मी सांगायचं. नव्या रंगाने त्यात काडीचा फरक पडत नाही. हे ऐकल्यावर त्यांनी एकदम उलटी उडी मारली, मग निम्माच लिहा, हप्ता कमी बसेल. निम्म्याचा विमा काढला तर नुकसान झाल्यावर भरपाईही निम्मीच मिळते, हे सांगितल्यावर तो हट्ट सोडला, पण तोंड कडूच होतं. त्या बाबतीत माझ्या मनात काही शंका नाही.

आमच्या कामाचे नियम तसे साधे आहेत. स्वतः जाऊन बघायचं, फोटो मागवून लिहायचं नाही. घर ओळखीच्याचं असो की परक्याचं, जे दिसलं ते लिहायचं. आणि शेवटच्या पानावर सही करायची, की या इमारतीशी किंवा तिथल्या सभासदांशी माझा कुठलाही असा संबंध नाही की ज्याने माझं मत झुकेल. तुझी माझी लहानपणची ओळख आहे हे मी काम घेतानाच कमिटीला लेखी दिलं होतं. तेवढ्यावर भागेल असं वाटलं होतं.

मग तुझ्या घरी आलो. तुझ्या नवऱ्याने, लवूने, वारण्याआधी हौसेने बंद करून घेतलेली ती गॅलरी मोजायची होती. टेपचं एक टोक तू धरलंस आणि लागलीच सुरू झालीस. लेक श्वेता बंगळूरला गेल्यापासून घर खायला उठतं, सकाळचा चहा इथेच घेते, खालचं जांभळाचं झाड दिसतं, बाकी बोलायला आहे कोण. मी आकडा विसरलो. परत मोजूया म्हटलं तर म्हणालीस, म्हातारा झालास रे. परत मोजताना खिडकीखाली भेग दिसली, बोट जाईल एवढी, आत पाणी मुरलेलं. त्यात ती गॅलरी मंजूर नकाशात नाही. दोन्ही गोष्टी अहवालात आल्या की कमिटी ती काढायला लावणार हे मला दिसत होतं. आणि मी काय लिहिलं असेल? किरकोळ तडा. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर तातडीने दुरुस्ती करा असं लिहून मोकळा झालो असतो. त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे फक्त तुझा चहाचा कप होता.

ऑफिसात येऊन शब्द खोडला आणि खरं ते लिहिलं. पण सही काही होईना. रोज अहवाल उघडतो, शेवटच्या पानापर्यंत जातो आणि मिटून ठेवतो. इतकी वर्षं हे काम करतोय, माझ्या सख्ख्या मेहुण्याच्या मरोळच्या गाळ्याच्या अहवालातही मी एक शब्द मवाळ केला नव्हता. त्याने नंतर वर्षभर अबोला धरला, तरी झोप शांत लागायची. आता लागत नाही. बायको, रेवती, गेल्यावर माझ्यापुरता हा जोडीदाराचा विषय संपला असं मी धरून चाललो होतो. माझा पोरगा निहार आहे, ऑफिस आहे, संध्याकाळी ठाण्यात तलावपाळीला चक्कर, झालं. आणि या वयात तू टेपचं टोक धरून उभी राहिलीस आणि माझी वाट लागली.

म्हणून हे काम मी आज सोडलं. आगाऊ घेतलेली फी परत केली. बोरिवलीचा नितेश हेच काम करतो, तो गुरुवारी पाहणीला येईल, मुदतीच्या आत अहवाल देईल. माणूस काटेकोर आहे, माझे आकडे न बघता सगळं स्वतः मोजेल. तुझी भेग तो आहे तशीच लिहील, तेव्हा तिच्यावर रंग फासून ठेवू नकोस. माणिकरावांना दिलेल्या पत्रात आधी लिहिलं होतं की इमारतीतल्या एका सभासदाशी माझं नातं जुळण्याची शक्यता आहे. मग ते वाक्य काढलं आणि वैयक्तिक कारण एवढंच ठेवलं, कारण त्या सभासदाला मी अजून विचारलेलंच नाही. तुझी आई कॉलनीत मला दारात घुटमळताना बघून म्हणायची ना, काय ता बोल. तर बोलतो. माझ्याशी लग्न करशील का, वनमाला? श्वेताशी बोल, हवा तेवढा वेळ घे. तुझी गॅलरी काढावी लागलीच, तर माझ्या मुलुंडच्या घराला एक आहे, मंजूर नकाशातली. तिथून जांभूळ दिसत नाही, समोरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरी दिसतात, पण दोन खुर्च्या आरामात मावतात. मी मोजून बघितलंय.

तुझा, आणि हो म्हणालीस तर तुझाच,
मार्तंड