मका नावाचा प्रांत

रविवार, १६ नोव्हेंबर २००८

माझा ‘बहुधा’ कापला. विचारलंसुद्धा नाही!

नव्या टॉवरच्या लॉबीत लावायच्या इतिहासाच्या पॅनलवर मी लिहिलं होतं — इराणी सम्राट दारियसच्या शिलालेखात प्रांतांच्या यादीत ‘मका’ हे नाव येतं. हा प्रांत बहुधा आपल्या या अरबी किनाऱ्यावर होता. काही अभ्यासक मात्र तो समुद्रापलीकडे, मकरानात मानतात. आमच्या बॉस विभावरी मॅडमनी लाल पेन चालवून ठेवलं एवढंच : मका म्हणजेच हे ठिकाण.

“अगं, टॉवरची लॉबी आहे ती, युनिव्हर्सिटी नाही. फ्लॅट घेणाऱ्याला ‘बहुधा’ कशाला ऐकवायचं?”

फ्लॅट घेतंय कोण आता? आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या चार क्रेन महिनाभर हललेल्या नाहीत.

सोमवार, १७

ले-आउट करणारे कमरुद्दीनभाई रत्नागिरीचे. एकवीस वर्षं इथे. “मका? भाजून खायचा की उकडून?” मला हसू आलं नाही. मग म्हणाले, “बेटी, खाली बारीक अक्षरात टाकू का तुझा बहुधा? कोण वाचतंय!”

नको म्हटलं. खरं काय चोरून लिहायचं?

शुक्रवार, २१

बाबा म्हणाले, “सोड ना, मैथिली. नोकरी टिकव.”

हे बाबा! दहा वर्षांची होईपर्यंत मला शाळेत घातलं नाही. अल मजाज वस्तीतल्या याच घरात, पुण्याहून आणलेल्या मराठी पुस्तकांवर स्वतः शिकवलं. ठाऊक नसताना ठोकून लिहिलं की पान फाडायचे. आणि आता सोड?

“बाबांच्या ऑफिसातले अकरा जण काल घरी बसवलेत,” आई म्हणाली. मी जेवले नाही.

रविवार, ३०

“तुझं मकरान दुसऱ्या देशात आहे. क्लायंटला इथलं काहीतरी हवंय,” मॅडम म्हणाल्या.

अडीच हजार वर्षांपूर्वी होते कुठे हे देश? इराणी कारकून म्हणाला मका. त्याच शिलालेखाच्या बाबिलोनी मजकुरात नाव वेगळंच — कदू. इथे मासे पकडणाऱ्या माणसाला कोणी विचारलं होतं, बाबा रे, तू स्वतःला काय म्हणवतोस? तेव्हा विचारलं नाही. आताही दुसरेच ठरवतायत!

प्रूफवर सही करणार नाही, असं तोंडावर सांगितलं. प्रूफ उघडूनही पाहिलं नाही. मॅडमनी स्वतः सही केली.

गुरुवार, ११ डिसेंबर

पॅनल लागलं आणि तासाभरात उतरलं! नकाशात समुद्राचं नाव ‘पर्शियन गल्फ’ छापलंय. इथे ‘अरेबियन’च म्हणायचं — शाळेतल्या पोरांनासुद्धा ठाऊक आहे. क्लायंट फोनवर इतका ओरडत होता की बाहेर ऐकू येत होतं. “खलास! खलास!”

मॅडमनी सगळ्यांना उभं केलं. “हू डिड धिस?”

“मेरी गलती, मॅडम,” कमरुद्दीनभाई म्हणाले.

एकवीस वर्षं राहून ही चूक! मी एका शब्दासाठी महिनाभर भांडतेय, आणि हा माणूस अख्ख्या समुद्राचं नाव हलगर्जीपणे टाकतो. त्यांच्याकडे पाहिलंही नाही मी.

रविवार, १४

त्यांना काढलं. नोकरीबरोबर व्हिसाही गेला, महिन्याभरात देश सोडावा लागेल. निघताना माझ्यापाशी थांबले. “यल्ला बेटी, निघतो. सांभाळून.” मी मान वर केली नाही.

त्यांचं टेबल मला दिलंय.

सोमवार, १५

खालच्या ड्रॉवरमध्ये एक कागद होता, चार घड्या घातलेला. नकाशावर घालायच्या नावांची यादी. अक्षर माझं. सातव्या ओळीत ‘पर्शियन गल्फ’. लहानपणी घोकलेलं ‘इराणचं आखात’ मी न थांबता इंग्रजीत उतरवलं होतं.

कमरुद्दीनभाईंनी हा कागद कुणाला दाखवला नाही.

मॅडम नऊला येतात. कागद घेऊन त्यांच्या दारापाशी बसले आहे.