पापणी कुणी कापली

हसनाबाद, ता. २१ एप्रिल २०२४

तीर्थस्वरूप प्रेमलाआक्काच्या चरणी राधाकिसनचा शि. सा. न. वि. वि.

फोन सूनबाईच्या हातात असतो, म्हणून पत्र लिहितोय. घरात माझ्या पाठीमागे काहीतरी शिजतंय.

रामनवमीला जांब समर्थला दुकान लावलं होतं. काळ्या कागदात माणसाचा बाजूचा चेहरा कापताना मी कागदाकडे बघत नाही, हे तुला माहीत आहे. नजर माणसावर, कात्री आपली चालते. पन्नास वर्षं अशीच गेली. कापलेला चेहरा सूनबाई इंद्रायणी पडद्यामागे नेते आणि पुठ्ठ्यावर चिकटवून गिऱ्हाइकाला देते. यंदा एका बाईच्या हातात बघितलं, तर चेहऱ्याला पापणी! मी उभ्या जन्मात पापणी कापलेली नाही. घरी येऊन शोधलं, तर माझे चेहरे गोधड्यांखाली दडवलेले. म्हणजे माझं काम लपवायचं, स्वतःचं माझ्या नावावर खपवायचं आणि उद्या दुकान बळकावायचं. आपला अंगद तर पोटचा पोर असून बायकोपुढे मूग गिळून बसलाय.

येत्या २९ तारखेला, सोमवारी तिला कायमची माहेरी धाडतो. दिवाळीत वाटूरला मी तुझा चेहरा कापला होता, तो पाठव. तो अस्सल माझ्या हातचा आहे. अंगदला दाखवतो.

गुडघ्यांना जप. धाकट्या भावावर माया राहू दे.

राधाकिसन

वाटूर, ता. २५ एप्रिल

चि. राधाकिसन यास अनेक उत्तम आशीर्वाद.

लहानपणी मांजरानं साय खाल्ली तरी तू माझ्यावरच संशय घ्यायचास. आता माझी जागा सूनबाईला मिळाली.

चेहरा पाठवते आहे. तो मी सरळ तुझ्या हातून घेतला होता, मध्ये इंद्रायणी नव्हती. नीट बघ. हनुवटी निम्मी उडाली आहे, नाकाला खाचा पडल्या आहेत. मी हसून डब्यात ठेवला. बाबा रे, तुझा हात थरथरतो. तुला सोडून सगळ्यांना ते माहीत आहे. गोधड्यांखालचे चेहरेही जरा उजेडात धर.

संक्रांतीला इंद्रायणी माझ्यापाशी रडली. मामंजींचं नाव बिलकुल जाऊ द्यायचं न्हाई, म्हणून पडद्याआडून बघून ती दुसरा चेहरा कापते, असं म्हणाली. तुला सांगू नये म्हणून शपथ घातली होती, ती आज मोडली. तिला धाडलंस, तर मी तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही.

चिडलास तरी उत्तर लिही.

प्रेमला

हसनाबाद, ता. ३० एप्रिल

ती. आक्कास सा. न.

सगळे चेहरे उजेडात धरले. एकाचंही नाक धड नव्हतं.

काल सोमवार. इंद्रायणी माहेरी जायला पिशवी भरून बसली होती. मी कात्री तिच्या हातात दिली आणि तिच्यासमोर बाजूला तोंड करून बसलो. आजवर माझा चेहरा कुणी कापला नव्हता. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, तर तिची नजर माझ्यावर होती, कागदाकडे एकदाही गेली नाही. आक्का, मला फार लाज वाटली. पिशवी मीच रिकामी केली.

तो चेहरा सोबत आहे. पापणी आहेच. नाक मात्र तिनं मुद्दाम मोठं कापलंय, असा माझा संशय आहे. तू बघून सांग.

आम्हा दोघांवर सारखीच माया ठेव, तिच्यावर जरा जास्त.

राधाकिसन