सिंगापूर पडलं त्या दिवशीचा गूळ

अण्णा, सिंगापूर पडल्याची बातमी तुम्ही स्टेशनवरून घेऊन आलात तेव्हा मी चुलीपुढे भाकरी थापत होते. पुणतांब्याला वर्तमानपत्र गाडीनं यायचं आणि शाळा भरण्याआधी तुम्ही ते आणायला स्वतः जायचात. त्या दिवशी जवळजवळ पळतच आलात. "पडलं! इंग्रजांनी हात वर केले!" असं म्हणत फळीवरची गुळाची ढेप उतरवलीत आणि बत्त्यानं फोडायला बसलात. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, घरात आपण दोघंच, आणि मी अठरा वर्षांची. मी एवढंच विचारलं, "अण्णा, नदीकडच्या मळ्यातले दादा तिथंच आहेत ना पलटणीत?" तुमचा हात माझ्या गालावर बसला तेव्हा त्याला गूळ लागलेला होता. "देश सुटायची वेळ आली आणि तुला एक माणूस दिसतो?" दादा तुमच्याच शाळेत शिकून पलटणीत गेलेले. मी गाल पुसला आणि भाकरी उलटली.

घर शाळेला लागून, त्यामुळे तुमचा तास मला स्वयंपाकघरात ऐकू येई. नकाशासमोर उभे राहून तुम्ही मुलांना सांगत होतात, की इंग्लंड म्हणजे म्हातारा पैलवान, दीडशे वर्षं आखाडा त्याच्या ताब्यात. आपल्याच्यानं तो चीत होत नाही. पण जपान तरणाबांड आहे. दोघं भिडू देत, तेवढ्यात आपली मान सुटेल. मुलं गूळ चोखत ऐकत होती.

तो गूळ कुणाच्या तरी हातून मळ्यात पोचला. दुपारी दादांचे वडील आले. हातात बैल हाकायची काठी, टोकाला लोखंडी आर बसवलेली. शाळेच्या दारातूनच ओरडले, "गुरुजी, माजं पोरगं थितं मेलं का जितं हाय ठावं न्हाई, आन तुमी गूळ वाटताय व्हय?" तुम्ही काही बोलायच्या आत पहिली काठी खांद्यावर बसली, दुसरी डोक्यावर. मी धावत आले तेव्हा मुलं खिडकीतून उड्या टाकत होती, तुमचा कान फाटून लोंबत होता आणि ते रडत रडत मारत होते. वाटेवरच्या दोघांनी त्यांना मागून धरलं तेव्हा कुठे थांबले. मी कानाला हळद दाबली. सगळ्या वर्गानं पाहिलं होतं, तरी गावाला तुम्ही सांगितलंत, पायरीवरून पडलो. त्या एका वाक्यासाठी मी तुमची थप्पड विसरायला तयार होते.

मग साडेतीन वर्षं दादांचं पत्र नाही. त्यांचे वडील वाट पाहतच गेले. जपानवर बॉम्ब पडल्याचं वाचलंत त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. "एका बॉम्बनं अख्खं शहर?" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होतात. म्हातारा खिळखिळा झाला होता, तरणा जळला होता आणि आखाड्यात तिसराच उतरला होता.

हुरड्याच्या दिवसांत दादा परत आले. भर दुपारी स्वयंपाकघराच्या दारात उभे. मी ओळखलंच नाही. अंगावर मांस नाही, उजव्या हाताला तीनच बोटं. तुमच्या पाया पडले, पाणी प्याले आणि न विचारता सांगू लागले. साहेब लोकांनी शरण जा म्हणून सांगितलं, दादा शरण गेले. मग जपान्यांनी बोटीत कोंबून कुठल्याशा बेटावर नेलं, विमानांसाठी जमीन सपाट करायला. "माज्यासंगं संगमनेरचा एक हुता. तापानं उटंना. त्याला झाडाला बांदला, गुरुजी, आन नव्या शिपायांना संगीन खुपसायला शिकवलं त्याच्यावर. म्या मदी पडलो तर बंदुकीच्या दस्त्यानं बोटं चेचली." मी वरवंटा धरून बसले होते, पाट्यावरची चटणी तशीच होती.

आणि अण्णा, तुम्ही विचारलंत, "पण आपली माणसं तिकडे इंग्रजांविरुद्ध फौज उभी करत होती. तू त्यांच्यात का नाही गेलास?"

दादांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "पलटनीत शपत घेतली हुती. शबूद मोडू नये, हे कुनी शिकवलं मला? ह्याच शाळंत?" म्हणाले. "पैलवान दोन हुते म्हनं. दोघंबी उटून गेले, गुरुजी. पाठ मातीला आमची लागली." तुम्ही म्हणालात, "अरे, मोठ्या कामात असं होतंच." तेवढ्यावर ते उठले. तुमचा गळा धरून भिंतीवर आपटलं. तीन बोटं एका बाजूला, पाच दुसऱ्या बाजूला. मडकी फुटली. तुमचे पाय जमिनीवर घासतायत, तोंडातून आवाज निघत नाही, आणि ते अगदी हळू म्हणतायत, "आता म्हना. म्हना आता." मग त्यांनी स्वतःच सोडलं आणि दारात बसून हमसून रडले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मळ्यात गेलात, मानेवर काळेनिळे वळ घेऊन. काय बोललात ते मला कधी सांगितलं नाहीत. पुढची दहा-बारा वर्षं, तुम्ही जाईपर्यंत, दर आठवड्याला जात राहिलात. तुम्हाला खांदा द्यायलाही दादा होते.

आता मी तुमच्या शेवटच्या वयापेक्षा मोठी आहे. हे पत्र पाठवायचं नाही. पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं, कारण दादांनी तुमचा गळा धरला त्या दिवसाबद्दल तुम्ही सगळ्यांना सांगायचात, "पोरगी भेदरली, जागची हलली नाही." मी ते तसंच राहू दिलं. मी भेदरले नव्हते, अण्णा. तुमचे डोळे पांढरे व्हायला लागले होते, वरवंटा माझ्या हातात होता, आणि मला वाटत होतं, अजून थोडं.