अर्ध्याला अर्धी

४ जानेवारी, शनिवार

गोष्ट बसली! म्हणजे थांबली. आणि ती मी बसवली, याबद्दल सर्वांचे एकमत आहे.

क्रमाने लिहितो. आमच्या वाचनालयाने डोंगरातल्या आदिवासींच्या गोष्टींची पुस्तिका काढायचे ठरवले आहे – मुलांसाठी. संपादक अस्मादिक. जन्मभर छापखान्यात मुद्रिते तपासली, लोकांनी 'काना-मात्रा' असे टोपणनाव ठेवले. दुसरे कोण असणार? पुस्तिकेतली मुख्य गोष्ट तलावाची. ती आता एकाच वृद्ध बाईंना पूर्ण येते. दवाखान्यात माझा रक्तदाब मोजणारी परिचारिका ही त्यांची भाची. ती त्यांना आत्या म्हणते, म्हणून सगळे वाचनालय त्यांना आत्याबाई म्हणू लागले आहे.

आज वाचनालयात आत्याबाई त्यांच्या भाषेत सांगू लागल्या आणि भाची ते मराठीत सांगत होती. एका वाक्यात तिने कर्ता एकवचनी ठेवला आणि क्रियापद अनेकवचनी. मी केवळ बोट वर करून दुरुस्ती सुचवली. अत्यंत सौम्यपणे!

आत्याबाई गप्प झाल्या. पिशवी उचलली.

"आजोबा," भाची म्हणाली, "आमच्यात गोष्ट मधेच तोडली की ती बसते. त्या दिवशी परत उठवत नाहीत."

"मग केव्हा?"

"पुढच्या शनिवारी. यायचं, बसायचं, ऐकायचं. लिहायचं नाही. आणि ते बोट घरी ठेवून यायचं."

जाता जाता आत्याबाई काहीतरी पुटपुटल्या आणि त्यांच्याबरोबर आलेली सगळी डोंगराकडची मंडळी खो-खो हसली. भाची अर्थ सांगेना. मी हट्टच धरला. "म्हणतात, ह्या म्हाताऱ्याचे कान त्याच्या तोंडामागे रांगेत उभे आहेत."

वाक्यरचना निर्दोष आहे, हे मान्य करणे भाग आहे.

५ जानेवारी

झाला प्रकार सूनबाईंच्या कानावर घातला. त्या इतक्या हसल्या की दूध उतू गेले. "बाबा, तुम्हाला गप्प बसवणारं माणूस आहे या गावात? पत्ता द्या ना मला त्यांचा!"

चिरंजीवांनी वर्तमानपत्रामागून "हं" केले. आमच्या दोघांतले संभाषण साधारण एवढेच. त्याची आई – आमची ही – गेल्यापासून गीझर, वीजबिल आणि हवामान एवढे विषय शिल्लक आहेत. हिचा विषय तो काढत नाही, मीही काढत नाही. दोघेही सभ्य आहोत.

११ जानेवारी, शनिवार

दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. चकार शब्द काढला नाही. तरीही गोष्ट मिळाली नाही!

त्यांच्यात गोष्ट नुसती मागून मिळत नाही. पैसेही चालत नाहीत. गोष्टीच्या बदल्यात गोष्ट द्यावी लागते – आणि तीही तोंडून ऐकलेली. पुस्तकातली नको. शिवाय सांगण्याआधी, ती कोणाकडून ऐकली त्याचे नाव मोठ्याने घ्यायचे. आत्याबाईंनी नमुना म्हणून स्वतःची सुरुवात करून दाखवली. त्यांच्या आईपासून निघाल्या, ते आजी, तिचा मामा, त्या मामाची सासू असे करत कुठल्या कुठे मागे गेल्या. न अडखळता. संदर्भ देण्यात एवढी काटेकोर मंडळी मी छापखान्यातही पाहिली नाहीत. मनात म्हटले, हे तर आपलेच भाऊबंद!

मग माझ्याकडे वळून, "तू काय आणलंस?"

त्यांच्या भाषेत अहो-जाहो नाही. लहानथोर सगळ्यांना एकच. या वयात मला 'तू'! घरी येईपर्यंत धुसफुसत होतो. जेवताना ध्यानात आले, की मला 'तू' म्हणणारे आता कोणी उरलेलेच नव्हते. भाजीत मीठ कमी होते, तरी काही बोललो नाही. सूनबाईंनी कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिले.

पण द्यायची कोणती गोष्ट? गोष्टी हजारो वाचल्या, तपासल्या, त्यांचे ऱ्हस्वदीर्घ सुधारले. समोर बसून कोणी सांगितलेली? एकही आठवेना.

१३ जानेवारी

वाचनालयाच्या कार्यवाहांनी वाटेत गाठले. "कशाला एवढी नाटकं, काना-मात्रा? त्या नर्सकडून थोडक्यात काय ते विचारून घ्या, बाकी तुमच्या भाषेत ठोकून द्या! विचारतंय कोण?"

"मी विचारतो आहे," असे म्हणून निघालो. उत्तर चांगले होते. पण घरी आल्यावर जाणवले, की पुस्तिकेचे ठरवताना आम्ही सगळ्यांना विचारले होते – मुद्रकाला, चित्रकाराला, खर्च देणाऱ्यांना. आत्याबाईंना विचारायचे राहिले होते. त्या येतील हे गृहीतच धरले होते.

१६ जानेवारी

भाचीला सुटी होती. मला बसने तलावावर घेऊन गेली. "गोष्ट ऐकायच्या आधी जागा बघा, आजोबा."

मी तेथे अनेकदा फिरायला गेलेलो आहे. बाके चांगली आहेत. पाणी संथ. तिने पलीकडच्या काठावरचे एक झाड दाखवले. "त्याच्या सरळ रेषेत आत या. तिथं आत्याचं घर. त्याच्या खालच्या अंगाला विहीर, मग माझ्या आजोबांचं शेत. धरण झालं तेव्हा आत्या नवी नवरी होती. सामान हलवायला दिलेली मुदत संपायच्या आधीच पाणी आलं."

"मग तुम्ही गेलात कुठे?"

"वर, खडकावर. तिथंच आहोत अजून. तुमच्या नळाला येतं ना, ते हेच पाणी. आम्हाला टँकर येतो." हे तिने रक्तदाबाचा आकडा सांगावा तसे सांगितले. मग हसून म्हणाली, "आत्या म्हणते, आपली विहीर मोठी झाली, एवढंच."

तुम्हाला आदिवासी म्हटलेले आवडते का, असेही मी विचारून घेतले. इतक्या वर्षांत हा प्रश्न सुचला नव्हता. "चालतं की. सरकारदरबारी तेच लागतं. पण आपसात आम्ही खोऱ्याचं नाव लावतो. ते नाव आता नकाशावर नाही. आत्याच्या गोष्टीत आहे. घरं, बांध, वाटा, सगळं नावानिशी. ती गोष्ट चुकीच्या माणसाच्या हाती पडली तर आमच्याकडे काय राहिलं?"

परतताना फाटकाजवळचा संगमरवरी फलक वाचला. 'या निर्जन खोऱ्यात जलाशय उभारून शहराची तहान भागवण्यात आली.' किती वेळा मी याच फलकाचे पाहुण्यांसमोर कौतुक केले आहे! शुद्धलेखनाची एकही चूक नाही. शब्दांचा क्रम योग्य. पूर्णविराम जागेवर.

फक्त ते खरे नाही.

१८ जानेवारी, शनिवार

सापडली! दाढी करताना, अर्धा गाल साबणात असताना!

हिची मुंगी. चिरंजीव लहान असताना ही त्याला झोपवताना एक गोष्ट सांगत असे. मी पलीकडच्या खोलीत मुद्रिते घेऊन बसलेला असे. मधे पातळ भिंत. एका मुंगीला रस्त्यात साखरेचा दाणा सापडतो. हा कोणाचा, असे विचारत ती दारोदार निघते. शिंप्याकडे जाते, हत्तीकडे जाते, नदीकडे, पोस्टमनकडे. प्रत्येक जण म्हणतो, "माझा नाही गं बाई, पुढं विचार." रोज एक नवे दार. हत्तीचा आवाज ही फार छान काढत असे.

तोंडून ऐकलेली आहे. समोर बसून नाही, पण ऐकलेली आहे!

वाचनालयात उभा राहिलो. नियमाप्रमाणे आधी नाव घ्यायचे. आणि गाडी तेथेच अडली. आयुष्यभर 'अगं' आणि 'ऐकलंस का' यांवर संसार केला. चारचौघांत हिचे नाव मी कधी घेतले नव्हते. आत्याबाई वाट पाहत होत्या. घाई करत नव्हत्या, मदतही करत नव्हत्या. शेवटी घेतले. आत्याबाईंनी ते नाव स्वतः एकदा उच्चारून पाहिले – चाखल्यासारखे – आणि मान हलवली.

मी सांगत गेलो. हत्तीचा आवाजही काढला! भाचीने भाषांतर करताना तोही काढला, तेव्हा छत हलले. पोस्टमनपर्यंत आलो आणि थांबलो.

"मग?" आत्याबाई.

"पुढचे मला माहीत नाही. मूल पेंगुळले की हिचा आवाज बारीक होई. शेवट भिंतीपलीकडे येतच नसे."

आत्याबाईंनी विचार केला. मग त्यांनी तलावाची गोष्ट उठवली. काय सांगू! एकेक घर पाण्यातून वर येत होते. बोट वर करण्याची आठवणसुद्धा झाली नाही. आणि ऐन मध्यावर, वाट विहिरीपाशी वळते तेथे – थांबल्या.

"अर्ध्याला अर्धी," भाची म्हणाली. "तुमची पुरी करून आणा, आजोबा. आत्याही करेल."

"आणि छापायचे?"

आत्याबाईंनी माझ्याकडे असे पाहिले, की मी प्रश्न मागे घेतला.

२० जानेवारी

कार्यवाहांचा उपाय – "शेवट रचा की! एवढे भाषाप्रभू तुम्ही!"

रचला. सकाळभर बसून. मुंगी राजवाड्यात पोहोचते, राजा तिच्या प्रामाणिकपणाचा गौरव करतो. वाक्ये घोटीव. वाचून पाहिले. चूक शोधूनही सापडेना. तेव्हा तो संगमरवरी फलक आठवला, आणि कागद फाडून टाकला.

२१ जानेवारी

मेव्हणीला फोन केला. "ताई? आणि गोष्टी? मला तर नुसती दटावायची हो!"

२३ जानेवारी

पुस्तिकेचा निर्णय लागला. कोणत्या गोष्टी छापायच्या हे भाची आणि तिच्या वस्तीतली मंडळी ठरवतील. प्रत्येक गोष्टीवर सांगणाऱ्यांची नावे येतील, मागपर्यंत सगळी. तलावाची गोष्ट छापायची नाही. तिच्या जागी कोरे पान, आणि खाली एक ओळ: 'ही गोष्ट शनिवारी ऐकायला मिळते.' कार्यवाह म्हणाले, "कोरं पान छापणारा संपादक जगात पहिलाच!" मी म्हणालो, त्या पानावर एकही चूक होणार नाही, याची मी हमी देतो.

२४ जानेवारी

गीझर बिघडला. चिरंजीव स्टुलावर चढून तो उघडत होता, मी खाली स्टूल धरून उभा. एकमेकांची तोंडे दिसत नव्हती. एवढी चांगली संधी पुन्हा आली नसती.

"तुझी आई मुंगीची गोष्ट सांगायची," मी म्हणालो. "शेवट काय होता?"

वर स्क्रूड्रायव्हर थांबला.

"तुम्ही खरंच ऐकायचात ती गोष्ट?"

"भिंतीपलीकडून."

"हं." हा नेहमीचा 'हं' नव्हता. खाली उतरून हात पुसत म्हणाला, "उद्या शनिवार ना? मी येतो तुमच्याबरोबर. तिथंच सांगतो."

पाणी काही तापले नाही. गार पाण्याने आंघोळ केली, शीळ घालत!

२५ जानेवारी, शनिवार

चिरंजीवांनी आईचे नाव घेतले. न अडखळता. मग म्हणाला, "शेवट नव्हताच. मी रोज मागायचो. आई कानाशी येऊन सांगायची – हळू बोल रे! शेवट सांगितला, तर उद्यापासून तुझे बाबा भिंतीला कान लावून बसायचे नाहीत."

आत्याबाईंना हे भाचीने सांगितले. त्या हसल्या नाहीत. हिचे नाव पुन्हा एकदा उच्चारले आणि म्हणाल्या, "पुरी आहे." आणि विहिरीपासून पुढे निघाल्या.

ते येथे लिहीत नाही. हवे असेल त्याने समोर येऊन बसावे. रिकाम्या हाताने येऊ नये.